उतरले की कोसळले?

"शेतात विमान कोसळले, दोघे बचावले." हा मथळा माझा आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी एका जिल्हा दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. अकराच्या सुमारास तालुक्याच्या वार्ताहराचा फोन आला. दोन आसनांचे छोटे विमान, हवेत इंजिन बंद पडलेले, प्रशिक्षकाने ते हरभरा काढलेल्या रानात उतरवलेले, दोघेही आपल्या पायांनी बांधावर आलेले. चाकाचा एक दांडा वाकला होता, नुकसान एवढेच. वार्ताहराने 'उतरवले' असे सांगितले होते. मी ते 'कोसळले' केले. 'उतरवले' म्हटले तर ती बातमी कसली, असा माझा त्या वेळचा विचार. पहिल्या पानावर दोन कॉलम मिळाले आणि मी खूश होऊन घरी गेलो.

आठवड्याभराने त्या प्रशिक्षकाचे पोस्टकार्ड आले. अक्षर बारीक, सूर शांत. विमान कोसळले नव्हते, मी ते उतरवले होते, असे त्यांनी लिहिले होते. पुढे एकच विनंती होती. हा फरक आपण माझ्या विद्यार्थ्यांच्या आईवडिलांना समजावून सांगावा, कारण बातमी वाचून दोघांनी मुलांची नावे काढून घेतली आहेत. ते कार्ड आम्ही छापले नाही. पत्रव्यवहाराच्या सदरात तेव्हा रस्त्यांच्या तक्रारी तुंबल्या होत्या. पण ते माझ्या खणात राहिले, आणि त्याच्यामुळेच मी हलक्या विमानांचा नि त्यांच्या बातम्यांचा इतिहास चाळू लागलो.

आधी त्या फरकाविषयी. अल्ट्रालाइट किंवा मायक्रोलाइट म्हणजे एका-दोघांचे अगदी हलके विमान. अमेरिकेत १९८२ साली त्यासाठी वेगळा नियम झाला. एक आसन, रिकामे वजन २५४ पौंडांच्या, म्हणजे साधारण ११५ किलोंच्या आत, आणि चालवायला परवाना नको. आपल्या हवाई दलाच्या दोन अधिकाऱ्यांनी २००७ साली मायक्रोलाइटमधून ८० दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, ते अनेकांना आठवत असेल. अशा विमानांची लहान इंजिने मोठ्या विमानांच्या इंजिनांइतक्या कसोट्यांतून गेलेली नसतात. काही इंजिनांच्या पुस्तिकेत तर निर्मातेच बजावतात, की हे केव्हाही बंद पडू शकते, तेव्हा जिथे सुखरूप उतरता येणार नाही अशा जागेवरून उडू नका.

म्हणून इथे इंजिन बंद पडणे हा अभ्यासक्रमातलाच धडा असतो. इंजिन थांबले म्हणून विमान दगडासारखे खाली येत नाही. नाक थोडे खाली ठेवून वेग राखला तर ते घसरगुंडीवरून यावे तसे तरंगत येते. वैमानिकाने रान हेरायचे, वारा कुठून आहे ते पाहायचे, विजेच्या तारा टाळायच्या आणि मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह आवरायचा. हा मोहच जिवावर बेततो. पट्टी जवळ दिसते, म्हणून माणूस नाक वर ओढतो, वेग मरतो, पंखांखालचा आधार सुटतो, आणि मग विमान खरोखर कोसळते. रानात मुद्दाम उतरलेले विमान ताशी साठेक किलोमीटरने जमिनीला टेकते. मोठे प्रवासी विमान २४० च्या आसपास टेकते. वेग चौपट झाला की किलोमागे जिरवायची ऊर्जा सोळापट होते. हलक्या विमानाचा वैमानिक बांधावर चालत येतो त्यात चमत्कार कमी आणि हिशेब जास्त असतो.

आता थोडे मागे, १९०९ साली जाऊ. लंडनच्या 'डेली मेल'ने इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणाऱ्याला १००० पौंडांचे बक्षीस लावले होते. म्हणजे बातमी छापणारा आणि ती घडवणारा एकच. मार्कोनी कंपनीने मुद्दाम दोन बिनतारी केंद्रे उभारली, एक फ्रान्सच्या किनाऱ्यावर सांगातला आणि दुसरे डोव्हरच्या हॉटेलच्या छपरावर. रेडिओवर बोलताना याचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाही.

१९ जुलैच्या सकाळी ह्यूबर्ट लॅथम आपल्या 'आंत्वानेत' विमानातून निघाला. तेरा-चौदा किलोमीटर गेल्यावर इंजिन बंद पडले. खाली पाणी. लॅथमने विमान सपाट धरून अलगद समुद्रावर टेकवले. विमान तरंगत राहिले. फ्रेंच विनाशिका मदतीला पोचली तेव्हा हा गृहस्थ विमानावर बसून सिगारेट ओढत होता. विमान असे पाण्यावर उतरवून जिवंत राहिल्याची ही पहिली नोंद मानतात. वैमानिकी म्हणून पाहिले तर त्या महिन्यातली ही सर्वांत देखणी कामगिरी. पण लॅथम 'हरला' होता.

सहा दिवसांनी, २५ जुलैच्या पहाटे, लुई ब्लेरिओ निघाला. त्याचा पाय आधीच्या एका उड्डाणात भाजला होता, तो कुबड्या घेऊन विमानापर्यंत आला. विमानाचे रिकामे वजन सुमारे २३० किलो, इंजिन पंचवीस अश्वशक्तीचे. आजच्या मोजमापाने तेही मायक्रोलाइटच. डोव्हरच्या किल्ल्याजवळच्या कुरणात 'ल मातँ' या पॅरिसच्या वृत्तपत्राचा वार्ताहर फ्रेंच झेंडा हलवत उभा होता. उतरायची जागा दाखवण्याचे काम पत्रकाराने केले, असे उदाहरण विरळाच! ब्लेरिओ साडेछत्तीस मिनिटांत पोचला, पण वाऱ्याच्या झोतात त्याने इंजिन बंद केले आणि विमान इतके जोरात आदळले की चाकांचा सांगाडा मोडला, पंख्याचे पाते तुटले. माझ्यासारख्या उपसंपादकाने ती बातमी 'विमान कोसळले' अशीच दिली असती. जगाने तिला 'खाडी ओलांडली' म्हटले. ते विमान लंडनला सेल्फ्रिजेसच्या दुकानात लोकांना पाहायला ठेवले, मग पॅरिसला 'ल मातँ'च्या कचेरीपुढे.

दोन दिवसांनी लॅथम पुन्हा निघाला. डोव्हर जेमतेम दीड किलोमीटरवर राहिले असताना इंजिनाने पुन्हा दगा दिला आणि तो दुसऱ्यांदा पाण्यात उतरला. या वेळी डोक्याला लागले.

एकवीस वर्षांनी, मे १९३० मध्ये, अशीच हलकी विमाने आपल्याकडेही उडत होती. लाकडी सांगाड्याची, कापड ताणून बसवलेली 'जिप्सी मॉथ'. इंग्लंड-भारत हे अंतर पहिल्यांदा एकट्याने, ठरलेल्या मुदतीत उडून जाणाऱ्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. मनमोहन सिंग, अवघा सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर आणि मुंबईचे जे. आर. डी. टाटा, असे तिघे उतरले. मनमोहन सिंगांनी विमानाचे नाव 'मिस इंडिया' ठेवले. इंग्रजीत 'मिस' म्हणजे कुमारी, आणि 'मिस' म्हणजे हुकणेही. 'द एअरोप्लेन'चे संपादक सी. जी. ग्रे यांनी लगेच कोटी केली, की हे गृहस्थ बहुधा नावाप्रमाणे भारत चुकवतीलच. मनमोहन सिंगांना दक्षिण फ्रान्समध्ये खराब हवेमुळे सक्तीने उतरावे लागले. ते कराचीला पोचले, पण मुदत उलटून गेली होती. कोटी लोकांच्या लक्षात राहिली. फ्रान्समधल्या त्या हवेत न अडखळता पुढे जाण्याचा हट्ट धरला असता तर काय झाले असते, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही.

या शर्यतीतली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. इजिप्तमध्ये अबुकीरला अस्पी इंजिनिअर स्पार्क प्लगांअभावी अडकून पडला होता. टाटा उलट्या दिशेने तिथे पोचले आणि त्यांनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. अस्पी जिंकला. तोच पुढे हवाई दलाचा प्रमुख झाला.

त्याच महिन्यात अ‍ॅमी जॉन्सन ही इंग्लिश तरुणी एकटीच ऑस्ट्रेलियाला निघाली होती. क्रॉयडनहून ती निघाली तेव्हा निरोपाला मूठभर माणसे होती. सहा दिवसांत कराची गाठली तेव्हा वृत्तपत्रे जागी झाली. कराचीहून अलाहाबादला जाताना पेट्रोल संपत आले आणि ती उतरली झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर! पंखाला इजा झाली, ती तिथेच दुरुस्त करून घेतली. पुढे रंगूनजवळ इन्सेनला शर्यतीचे मैदान समजून ती एका तांत्रिक विद्यालयाच्या खेळाच्या मैदानावर उतरली आणि विमान चरात गेले. तिथल्याच माणसांनी पंख सांधून दिला. २४ मे रोजी ती डार्विनला पोचली. हिंकलरचा १९२८ सालचा विक्रम मोडला नाही, पण 'डेली मेल'ने तिला १०,००० पौंड देऊन करारबद्ध केले. तिची झाशी नि तिचे इन्सेन हे पराक्रमाचे मुक्काम ठरले, आणि मनमोहन सिंगांचे फ्रान्स हा विनोदाचा विषय. उतरण्याची रीत दोघांची एकच होती.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, की वृत्तपत्रे नेहमी काळेच रंगवतात. तसे नाही. आंरी मिन्ये या फ्रेंच माणसाचे उदाहरण पाहा. १९३३ साली त्याने एक इवलेसे विमान बांधले. एकामागे एक असे दोन पंख, सतरा अश्वशक्तीचे इंजिन, पायाने दाबायचे काही नाही, सारे एका दांडीवर. फ्रेंच नाव 'आकाशातली ऊ'. इंग्रजांनी तिची 'उडती पिसू' केली. खोके ठोकता येणाऱ्याला हे विमान बांधता येईल, असा त्याचा दावा. १९३४ साली त्याचे पुस्तक आले, पुढच्या वर्षी इंग्रजी भाषांतर, आणि इंग्लंडात घराघरांच्या मागच्या अंगणात पिसवा तयार होऊ लागल्या.

वृत्तपत्रांना हे प्रकरण फारच आवडले. गरिबाचे विमान! जुलै १९३५ मध्ये स्टीफन अ‍ॅपलबी याने इंग्लंडातली पहिली पिसू उडवली. काही दिवसांतच ती नांगरलेल्या रानात उलटली, आणि ती पुन्हा बांधायला 'डेली एक्स्प्रेस'ने हात दिला. अशा उलथापालथी गमतीने छापल्या जात. त्याच सुमारास आणखी एक प्रकार घडू लागला होता. काही पिसवा उतरताना नव्हे, तर चांगल्या उंचीवर नाक खाली करून जात आणि पुन्हा वर येतच नसत. माणसे दगावली. १९३६ साली फ्रान्समध्ये आणि इंग्लंडात फार्नबरोला पुऱ्या आकाराचे विमान वातबोगद्यात ठेवून तपासले, तेव्हा उलगडा झाला. नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले, की दोन पंखांच्या फटीतली हवा मागच्या पंखाला आणखी उचलते, आणि दांडी कितीही ओढली तरी नाक वर येत नाही. दोष आराखड्यातच होता. उड्डाणे थांबली. नंतर आराखडा सुधारला, आणि मिन्येच्या पिसवांचे वंशज फ्रान्समध्ये पुढेही उडत राहिले.

मला यात खटकते ते असे. रानात उलटलेली पिसू आणि आकाशातून सूर मारलेली पिसू, दोन्हींना एकच शब्द वापरला गेला. पहिलीत वैमानिकाने काहीतरी केले होते. दुसरीत त्याला करण्यासारखे काही उरलेच नव्हते. शब्द वेगळे असते तर कुणीतरी दुसऱ्या प्रकारची मोजदाद आधी केली असती, असे मला वाटते. सिद्ध करता येणार नाही, पण वाटते.

जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कला हडसन नदीत दोन्ही इंजिने बंद पडलेले प्रवासी विमान उतरवले गेले आणि १५५ माणसे वाचली, तेव्हा 'कोसळले' म्हणणारे सुरुवातीला होते, पण तासाभरात जगभर कप्तानाचा जयजयकार झाला. तो कप्तान सलनबर्गर मुळात ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमानही चालवणारा. त्याने नदीवर केले ते लॅथमने खाडीवर शंभर वर्षांपूर्वी केले होते.

ते पोस्टकार्ड पाठवणारे प्रशिक्षक मला पुढे एकदा एका लग्नात भेटले. मी ओळख दिली, माफीही मागितली. त्यांनी बातमीचा विषयच काढला नाही. म्हणाले, "अहो, त्या शेतकऱ्याला विमान पाहायला आलेल्या लोकांनी तुडवलेल्या वरंब्यांचे काही मिळाले का हो? तुमच्या बातमीत त्याचे नाव होते, म्हणून विचारतो." मला ते नाव आठवत नव्हते.

डोव्हरच्या त्या कुरणात ब्लेरिओ जिथे आदळला तिथे आता गवतात दगड बसवून विमानाची आकृती केली आहे. पंख, धड, शेपूट, सारे जागच्या जागी. मोडलेली चाके तिच्यात नाहीत. पलीकडच्या किनाऱ्यावर, काप ब्लाँ-ने इथे, लॅथमचाही पुतळा आहे, खाडीकडे पाहणारा.