वाघ मोजला, माग सुटला?

‘स्प्लिंटर सेल: पँडोरा टुमॉरो’ हा २००४ सालचा संगणकीय खेळ आजच्या यंत्रावर नुसता चढवला तरी सुरू होतो. पात्र चालते, दारे उघडतात, पहारेकरी फेऱ्या मारतात; बिघडतात त्या फक्त सावल्या. आणि खेळ तर सगळा सावलीचाच आहे: अंधारात दबा धरायचा, नजरेआड राहायचे, पाय न वाजवता पुढे सरकायचे. त्या सावल्या तेव्हाच्या ठरावीक ग्राफिक्स कार्डांच्या एका खास सोयीवर बेतलेल्या होत्या. पुढची कार्डे कितीतरी ताकदवान निघाली, पण ती सोय त्यांच्यात त्याच रूपात राहिली नाही. शेवटी ‘डीजीवूडू’सारखी साधने, म्हणजे जुन्या सूचना नव्या कार्डाला कळतील अशा करून देणारे कार्यक्रम, हौशी मंडळींनी वापरली तेव्हा अंधार पुन्हा जागेवर आला. जुनी विद्या नव्या यंत्रावर आणताना दोन गोष्टी तपासाव्या लागतात. ती सुरू होते का, हे एक. आणि जिच्यामुळे तिला अर्थ होता ती गोष्ट शाबूत आहे का, हे दुसरे. पहिल्याचे उत्तर लगेच मिळते म्हणून दुसरे विचारायचे राहून जाते. असेच आणखी एका विद्येचे झाले. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांत गेल्या साठ वर्षांत वाघाचा माग काढण्याची विद्या आधी सरकारी तक्त्यावर आणि मग संगणकावर चढवली गेली. मोजणीपुरते हे काम उत्तम झाले आहे. मागाच्या बाबतीत ते अर्धवटच राहिले, असे माझे म्हणणे आहे.

आधी ही विद्या कशी होती ते पाहू. इंग्रजी अमदानीत हा मुलूख मध्य प्रांतातला चांदा जिल्हा. गडचिरोली त्यातून वेगळा निघाला तो १९८२ साली. परवाना घेऊन शिकारी साहेब यायचा, हाका घातला जायचा, मचाण बांधले जायचे. पण वाघ कुठल्या नाल्यात बसला आहे हे सांगणारा माणूस गावचा असायचा, बहुधा गोंड किंवा माडिया. ठशाची कड धारदार आहे की ढासळली, दव ठसा उमटण्याआधी पडले की नंतर, मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडला की मागे राहिला, ठसा चौकोनी म्हणजे नराचा की लांबट म्हणजे मादीचा, एवढे तो वाकून बघता बघता ठरवी. झाडावरचे ओरखडे, वाटेवरची विष्ठा, सांबराची आणि वानरांची ओरड हे सारे त्याच वाचनात जमा होई. जिथे वाघाशी झुंजताना मेलेला तारू देव झाला आणि त्याच्या नावाने ताडोबा ओळखला जाऊ लागला, तिथे ही विद्या हौसेची नव्हती, जगण्याची होती. तिचे सोनेरी चित्र मात्र रंगवू नये. हाक्याला जाणे पुष्कळदा बेगारच असे, जीव जायचा तो हाकाऱ्याचा, आणि साहेबाच्या पुस्तकात माग काढणाऱ्याचे नाव क्वचितच येई. १९३५ मध्ये ताडोब्यात शिकार बंद झाली, १९५५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान आले, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर शिकारीचा प्रश्नच संपवला. माग काढणारे मात्र संपले नाहीत. काही वनमजूर झाले, काही वनरक्षकांच्या पुढे चालू लागले.

या माणसांचे ज्ञान सरकारी कागदावर आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न सरोज राज चौधरी यांचा. हे ओरिसाचे वनाधिकारी. पुढे सिमलीपालच्या व्याघ्र प्रकल्पाचे पहिले संचालक, आणि ‘खैरी’ नावाची वाघीण घरात वाढवणारे म्हणून जास्त प्रसिद्ध. १९६६ मध्ये त्यांनी पगमार्कवरून, म्हणजे पायाच्या ठशांवरून, गणनेची पद्धत बसवली. वाटांवर बारीक माती पसरायची, ठरलेल्या दिवसांत सगळ्या बीटांतून, म्हणजे वनरक्षकांच्या हद्दींतून, एकाच वेळी फिरायचे, मिळालेल्या ठशावर काच धरून तो गिरवायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा, आणि शेवटी साऱ्या प्रती एकत्र मांडून किती वेगळे वाघ ते ठरवायचे. १९७२ च्या पहिल्या अखिल भारतीय गणनेत १८२७ हा आकडा आला आणि पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पद्धत स्वस्त होती, विजेशिवाय चालत होती, आणि दर काही वर्षांनी शेवटच्या वनरक्षकालाही आपले जंगल पायी पालथे घालायला लावत होती. तिला आज सरसकट हसतात, ते मला अन्यायाचे वाटते.

तरीही ती फसली, आणि का फसली हे नीट पाहायला हवे. माग काढणारा ठशाला विचारत असे: कोण गेले, केव्हा गेले, कुठे निघाले? या प्रश्नांची उत्तरे मातीत असतात. गणनेने त्याच ठशाला विचारले: पूर्ण राज्यात, हजारो प्रतींमधून, हा नेमका वेगळा वाघ आहे का? हे उत्तर मातीत नसते. एकाच वाघाचा ठसा चिखलात पसरतो, भुरभुऱ्या धुळीत आटतो, चढावर लांबतो. बंदिस्त वाघांच्या ठशांवर वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी चाचणी घेतली तेव्हा अनुभवी अधिकाऱ्यांनाही ठसे आणि वाघ यांची बिनचूक जुळणी करता आली नाही. शिवाय आपल्या हद्दीतल्या वाघांचा आकडा हेच ज्याचे प्रगतिपुस्तक, त्याच्याच टेबलावर त्या प्रती मांडल्या जात होत्या. २००१-०२ च्या गणनेने देशात ३६४२ वाघ दाखवले. राजस्थानातल्या सरिस्कात २००४ साली कागदावर सोळा-अठरा वाघ होते. २००५ उजाडले तेव्हा तिथे एकही नव्हता. त्यानंतर सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल बसले आणि पगमार्क गणना मोडीत निघाली. या बदनामीत एक सूक्ष्म गोष्ट निसटली. खोटा पडला होता तो ठशांवरून काढलेला आकडा. पण ठसा वाचणाराच खोटा, असा समज पसरला.

नवी पद्धत ठशाऐवजी पट्ट्यांवर उभी आहे. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, हे १९२० च्या दशकात संयुक्त प्रांतात तारेला पाय लागताच चालू होणाऱ्या कॅमेऱ्याने वाघांची छायाचित्रे काढणाऱ्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याच्याही ध्यानात आले होते. त्यावर संख्याशास्त्र चढवले ते कारंथ यांनी, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नागरहोळेच्या अभ्यासात. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावायचे, कारण वाघाची डावी कूस उजवीसारखी नसते. कुठला वाघ किती वेळा पुन्हा टिपला गेला यावरून, जे टिपलेच गेले नाहीत त्यांचाही अंदाज बांधता येतो. छायाचित्रांतल्या प्रजाती ओळखायला एक आज्ञावली, पट्टे जुळवायला दुसरी, आणि गस्तीच्या नोंदींसाठी वनरक्षकाच्या मोबाइलवर ‘एम-स्ट्राइप्स’. २००६ च्या पहिल्या अंदाजाचा आकडा १४११ निघाला. जुन्या ३६४२ शी त्याची थेट वजाबाकी करणे चूक, कारण मोजण्याची रीतच बदलली होती. २०२२ च्या फेरीत देशभर ३२,५८८ जागी कॅमेरे लागले, पावणेपाच कोटींच्या आसपास छायाचित्रे मिळाली, त्यांत वाघांची ९७,३९९, आणि त्यांतून ३०८० वेगळे वाघ प्रत्यक्ष ओळखले गेले. महाराष्ट्राचा अंदाज ४४४, एकट्या ताडोबा-अंधारीचा ९७. किती वाघ, या प्रश्नाचे इतके भरवशाचे उत्तर आपल्याकडे पूर्वी कधीच नव्हते. याबाबत जुन्या पद्धतीची तरफदारी करण्यात काही हशील नाही.

पण या झळाळत्या आकड्यांच्या खाली आणखी एक आकडा आहे आणि बातम्यांत तो शेवटी येतो. त्याच २०२२ च्या फेरीत माणसे ६,४१,४४९ किलोमीटर पायी चालली. ही पहिली पायरी: बीटाबीटातून वनरक्षक आणि मजूर वाटा तुडवतात, ठसे, विष्ठा, ओरखडे नोंदवतात. कॅमेरा कुठल्या वाटेवर लावला तर वाघ समोरून जाईल, हेही याच चिन्हांवरून ठरते. म्हणजे संगणकाच्या मुळाशी माग आहेच. फक्त त्याला तिथे नाव नाही. त्याची किंमत काय असते ते २० नोव्हेंबर २०२१ रोजी दिसले. ताडोब्याच्या कोलारा परिक्षेत्रात हेच चिन्ह-सर्वेक्षण करत असलेल्या एका महिला वनरक्षकावर वाघिणीने झडप घातली आणि त्यात त्यांचा जीव गेला. सोबत मदतनीस होते, त्यांनाही काही करता आले नाही. मोजणी आता यंत्राने होते असे आपण सहज बोलून जातो. ते वाक्य या घटनेसमोर टिकत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. चिन्हे नोंदवायला फार मोठे पांडित्य लागत नाही. तक्ता भरता येईल इतके प्रशिक्षण दिले की पुरे, नेमकेपणा कॅमेरा देईल, आणि मुख्य म्हणजे यंत्राच्या पद्धतीत अधिकाऱ्याला आकडा फुगवता येत नाही. शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. पण मध्य प्रदेशातल्या पन्नाचे उदाहरण त्याच्याशेजारी ठेवावे लागेल. नव्या पद्धतीने २००६ मध्ये तिथे वाघ मोजले गेले, २००८ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध झाला, आणि २००९ मध्ये पन्नात एकही वाघ उरलेला नव्हता. मोजणी खोटी नव्हती. ती चार वर्षांतून एकदा होणारी होती. वाघ नाहीसा होण्याची खबर रोजच्या वाटेवर लागते, कारण कालपर्यंत उमटणारा ठसा आज उमटत नाही. ती खबर वाचणारा माणूस हवा आणि त्याचे म्हणणे वर पोचायला हवे. पुढे व्याघ्र प्रकल्पांत दरवर्षी कॅमेरे लावण्याची रीत आली, ती याच दुखण्यावरचा उपाय. पण ‘दरवर्षी’ आणि ‘रोज’ यांतले अंतर तिनेही बुजत नाही.

चंद्रपुरात तर प्रश्नच बदलला आहे. वाघ ताडोब्याच्या सीमेत मावत नाहीत. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, मध्य चांदा या विभागांत ते धानाच्या बांध्यांलगत, मोह वेचणाऱ्या बायांच्या वाटेवर राहतात. तिथल्या माणसाला वाघ किती हे कळून काय उपयोग? आज सकाळी तो कुठल्या पट्टीत आहे, आणि आहे तो कोणता, हे त्याला हवे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कॅमेरा देतो, पहिल्याचे अजूनही मुख्यतः मागच देतो. ‘सीटी-१’ म्हणजे संघर्षातला वाघ क्रमांक एक, असे नाव मिळालेला वाघ गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा अशा तीन जिल्ह्यांत फिरला, त्याच्या नावावर तेरा माणसे जमा झाली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तो वडसा वनविभागात जेरबंद झाला. चुकीचा वाघ पकडला जाऊ नये म्हणून पट्टे जुळवणे अपरिहार्यच. पण कॅमेरा सांगतो तोवर वाघ तिथून निघून गेलेला असतो, आणि पुढची वाट पायीच शोधावी लागते. गडचिरोलीचा पेच आणखी वेगळा. तिथून वाघ जवळपास दिसेनासा झाला होता, मग वैनगंगा ओलांडून तो परत आला. मधल्या काळात मोठ्या झालेल्यांना वाघाचा ठसा पाहण्याचा सरावच नव्हता. अशी विद्या पुस्तकात जपून ठेवता येत नाही; वाघ गेला की तीही रोडावते, आणि वाघ परतला म्हणून आपोआप परतत नाही.

आता म्हणतात, हेही यंत्र करील. मोहर्लीजवळच्या सीतारामपेठेत २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांची ‘आभासी भिंत’ उभी राहिली. वाघ दिसताच गावाला इशारा जातो. उपक्रम चांगला आहे आणि वाढावा. तरी भिंत गावाच्या कडेला असते, आणि माणसे मरतात ती पुष्कळदा गावापासून दूर, सरपण, मोह किंवा तेंदूपत्त्यासाठी रानात गेल्यावर. संशोधकांनी ठसासुद्धा संगणकावर आणून पाहिला आहे: शर्मा, झाला आणि सावरकर यांनी २००५ मध्ये ठशांच्या मापांवरून वाघ वेगळे काढण्याची संख्याशास्त्रीय रीत मांडली. नियंत्रित परिस्थितीत ती बऱ्यापैकी चालते. पण तिनेही ठशाला पुन्हा तोच, म्हणजे ओळख पटवण्याचा प्रश्न विचारला. ठशाचे वय, चाल, रोख, आसपासची ओरड हे मापाच्या रकान्यांत आलेच नाही.

उरतो तो सगळ्यात जड आक्षेप: ही विद्या जपा म्हणणे म्हणजे गरीब आदिवासी मजुराला त्याच धोक्याच्या कामाला जुंपून ठेवणे नव्हे काय? आजवर जसे चालले तसेच चालणार असेल तर तसेच होईल, यात शंका नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली, म्हणजे कोअरमधली, गावे उठली, बोटेझरीसारखी गावे दुसरीकडे वसली, तेव्हा त्या वाटा ओळखणारी माणसेही वाटांपासून तुटली. त्या ज्ञानाचा हिशेब कुठल्या पुनर्वसनाच्या कागदात नाही. सफारीच्या फाटकावरचे गाइड सांबर-वानरांची ओरड ऐकून ‘कॉल आला’ म्हणत जिप्सी थांबवतात, ते या विद्येचे एक पोटापाण्याला लागलेले रूप. पण पर्यटक नसलेल्या जंगलात, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांच्या बहुतेक जंगलात, तेवढेही नाही. जोखीम आज आहेच. नाही ती ओळख, कायम नोकरी आणि विमा. यंत्रासाठी निविदा निघतात, देखभालीची तरतूद होते. माग काढणारा रोजंदारीवर येतो आणि गणना संपली की घरी जातो.

म्हणून वनखात्याकडे मागणी साधी आहे. चिन्ह-सर्वेक्षणाच्या नोंदीत ठसा कुणी वाचला त्याचे नाव आणि त्याने काढलेला निष्कर्ष यांसाठी रकाना ठेवा. वाघ-मानव संघर्षाच्या प्रत्येक विभागात माग काढणाऱ्यांची पदे कायम करा, त्यांना दोन-दोन तरुण शिकाऊ द्या. आणि वाघ आला की आधी धावून जाणाऱ्या, गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलांचे प्रशिक्षण संगणकाच्या खोलीइतकेच वाटेवरच्या धुळीतही होऊ द्या. कॅमेऱ्यांवर होणाऱ्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.