गुडघ्याची वाटी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर, यांपैकीं कोणत्याहि स्थानकाच्या पुलापाशीं संध्याकाळीं क्षणभर उभें राहिलें तर एक गोष्ट सहज ध्यानांत येते. सकाळीं गाडी गांठण्यासाठीं धांवलेलीं कित्येक माणसें जिना उतरतांना कठड्याचा आधार शोधतात. एक पाय खालीं टाकून दुसरा त्याच्या शेजारीं आणून ठेवतात. त्यांत वृद्ध असतात, तशाच कॉलेजांत जाणाऱ्या मुलीहि असतात. कोठें दुखतें असें विचारलें कीं हात एकाच ठिकाणीं जातो, तो गुडघ्याच्या वाटीवर. घरीं या दुखण्याचें निदान दोन शब्दांत उरकतें. वृद्धाला सांगतात, "वय झालें". तरुणाला सांगतात, "लाड आहेत". या निदानानें कोणाचें दुखणें थांबल्याचें ऐकिवांत नाहीं. पण घरच्या माणसांना तरी दोष कां द्यावा? या लहानशा हाडानें थोर थोर शस्त्रवैद्यांनाहि कित्येक वर्षें चकविलें आहे, आणि त्या चुकांच्या इतिहासांतच आजच्या उपचाराचें मर्म आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांना गुडघा अपरिचित नव्हता. मांडी आणि पोटरी जेथें मिळतात त्या सांध्याला सुश्रुतानें 'जानु' नांवाचें मर्म म्हटलें आणि तेथें इजा झाल्यास लंगडेपणा येतो असें नोंदविलें. सुजलेला गुडघा कोल्ह्याच्या डोक्यासारखा दिसतो, म्हणून त्या विकाराला 'क्रोष्टुकशीर्ष' असें नांव पडलें. परंतु ज्या गुडघ्याला सूज नाहीं, जखम नाहीं, आणि तरीहि जो जिन्यावर महिनेच्या महिने दुखतो, त्याचें कोडें अर्वाचीन शस्त्रवैद्यांनीं सोडवावयास घेतलें.

प्रथम या हाडाचें काम पाहूं. मराठींत त्याला वाटी म्हणतात. लॅटिन भाषेंतील त्याच्या नांवाचा अर्थहि 'लहान ताटली' असाच आहे. मांडीच्या पुढील बळकट स्नायूंच्या कंडरेंत हें हाड बसविलेलें असतें आणि गुडघा वांकतांना तें मांडीच्या हाडावरील खोबणींतून सरकतें. विहिरीवरची कप्पी जसा दोर उचलून धरते, तशी वाटी ती कंडरा सांध्यापासून पुढें धरते. त्यामुळें थोड्या जोरांत पाय सरळ होतो. या सोयीची किंमत मात्र वाटीला द्यावी लागते. १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजमापानुसार सपाट जमिनीवर चालतांना वाटीच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारें निम्मा भार पडतो, जिन्यावर तो तिप्पटीहून अधिक होतो आणि पूर्ण उकिडवें बसण्याच्या व्यायामांत साडेसात पटींच्या घरांत जातो. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला सपाटीवर ३०, जिन्यावर सुमारें २०० आणि बैठकींत सुमारें ४५० किलो. सपाटीवर मुकाट चालणारा गुडघा पुलावर कां तक्रार करतो, हें यावरून कळेल.

१९०६ सालीं ब्यूडिंगर या शस्त्रवैद्यानें वाटीच्या मागील बाजूच्या कूर्चेंत पडलेल्या भेगांचें वर्णन केलें. १९२८ सालीं आलेमान यानें मऊ पडलेल्या या कूर्चेच्या विकारासाठीं 'काँड्रोमलेशिया' हा शब्द योजला. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या आणि उपनगरांतील माणसाचें जिणें गाडीच्या वेळापत्रकाशीं अधिकच घट्ट बांधलें गेलें. कूर्चा खराब दिसते आणि गुडघा दुखतो. तेव्हां खराब कूर्चा हेंच दुखण्याचें कारण, असा समज दृढ झाला. समज दृढ झाला कीं हत्यार चालूं लागतें. कूर्चा खरवडून काढण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या.

त्याहून पुढचें पाऊल १९३७ सालीं पडलें. ब्रुक या इंग्रज शस्त्रवैद्यानें वाटीचें हाड मोडलें असतां तें संपूर्ण काढून टाकण्याचा पुरस्कार केला; वाटीवांचून गुडघा दुबळा न होतां उलट अधिक कार्यक्षम होतो, असें त्याचें प्रतिपादन होतें. मग केवळ दुखतें म्हणूनहि वाट्या काढल्या जाऊं लागल्या. परंतु १९४५ सालीं हॅक्स्टन यानें मोजून दाखविलें कीं, वाटी गेली म्हणजे गुडघा सरळ करण्याची शक्ति घटते. कप्पी काढल्यावर दोर ओढणें जड जावें, तसाच हा प्रकार. पण काढलेलें हाड परत बसवितां येत नाहीं. पुढें ही शस्त्रक्रिया मागें पडली. ज्यांच्या वाट्या गेल्या होत्या, त्यांना उरलेलें आयुष्य त्या गुडघ्यावरच काढावें लागलें.

त्याच १९४५ सालीं अमेरिकेंत एक वेगळाच विचार पुढें आला. सैन्यांतील डॉक्टर टॉमस डिलॉर्म हा तरुणपणीं संधिवाताच्या तापानें आजारी पडला होता आणि वजनें उचलून त्यानें आपली ताकद परत मिळविली होती. तोच मार्ग त्यानें शिकागोच्या लष्करी रुग्णालयांत जायबंदी सैनिकांच्या वाळलेल्या मांड्यांसाठीं वापरला. पायाला वजन बांधावयाचें, पाय सरळ करावयाचा आणि ताकद येईल तसतसें वजन वाढवीत जावयाचें. तालमीच्या मातींत वाढलेल्या महाराष्ट्राला हें तत्त्व नवें वाटूं नये. फरक इतकाच कीं, येथें जोर मोजूनमापून आणि रोग्याच्या शक्तीप्रमाणें द्यावयाचा होता.

मुंबईंत ही विद्या आली ती गुडघ्यासाठीं नव्हे, तर पोलिओनें पांगळ्या झालेल्या मुलांसाठीं. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनीं १९४७ सालीं या शहरांत अशा मुलांसाठीं उपचारकेंद्र उघडलें. पुढें १९५२-५३ च्या सुमारास परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें फिजिओथेरपीची शाळा निघाली. मुलांचे पाय उभे करतांना जें ज्ञान वाढलें, त्याचा लाभ आज जिन्यावर अडणाऱ्या गुडघ्यांना होत आहे.

कूर्चेचें कोडें मात्र शिल्लकच होतें. १९९८ सालीं स्कॉट डाय या अमेरिकन शस्त्रवैद्यानें स्वतःच्या गुडघ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. सांध्याच्या आंत भूल न घेतां, पूर्ण जागेपणीं, त्यानें आपले गुडघे दुर्बिणीनें तपासवून घेतले आणि सळईनें आंतील एकेक भागाला स्पर्श करविला. वाटीच्या कूर्चेला स्पर्श झाला तेव्हां कांहींच जाणवलें नाहीं. पण सांध्याचें अस्तर आणि वाटीखालील चरबीची गादी यांना स्पर्श होतांच तीव्र वेदना झाल्या. कूर्चेंत वेदना वाहणाऱ्या नसा नसतात, हें शरीरशास्त्राला ठाऊक होतेंच. त्याचा प्रत्यय एका माणसानें स्वतःच्या देहावर घेतला. चित्रांत कूर्चा झिजलेली दिसूनहि गुडघा न दुखणारीं माणसें पुष्कळ आढळतात, त्याचा उलगडा यानें झाला.

आजचा उपचार या अनुभवावर उभा आहे. २०१५ सालीं मँचेस्टर येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं मांडीच्या आणि कमरेखालच्या बाजूच्या, म्हणजे नितंबांच्या, स्नायूंचा व्यायाम हाच मुख्य उपाय ठरविला. केवळ यंत्रांच्या शेकाची शिफारस केली नाहीं. नितंबांचे स्नायू दुबळे असले तर पाऊल टाकतांना मांडी आंत वळते आणि वाटी खोबणींत वांकडी घासते. म्हणून दुखतें वाटींत, पण दुरुस्ती करावी लागते तिच्या वर. जिने, उकिडवें बसणें, फार वेळ मांडी घालणें हें कांहीं आठवडे कमी करावें, पण चालणें सोडूं नये. केवळ विश्रांतीनें मांडी वाळते आणि दुखणें बळावतें. व्यायाम जाणत्याकडून शिकून घ्यावा आणि सहा ते बारा आठवडे नेटानें करावा. चार दिवसांत गुण येत नाहीं. गुडघा सुजला, लाल व गरम झाला, अडकूं लागला, भार घेईनासा झाला, किंवा पडल्यानंतर दुखूं लागला, तर मात्र वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें.

२०१४ सालापासून वर्सोवा, अंधेरी, घाटकोपर हा मार्ग उंचावरील मेट्रोनें जोडला गेला आणि त्या स्थानकांवर सरकते जिने आले. दुखऱ्या गुडघ्याला तेवढीच विश्रांति. पण घरच्या दोन मजल्यांना सरकता जिना नसतो. तेथें स्वतःच्या मांडीचें बळच कामीं येतें. तेव्हां घरांतील कोणी कठडा धरून उतरूं लागलें, तर "वय झालें" किंवा "लाड आहेत" असें म्हणून विषय संपवूं नये. ज्या वाटीला शस्त्रवैद्यांनीं एके काळीं निरुपयोगी ठरविलें, ती आपलें काम निमूटपणें करीतच असते. तिला हवी असते ती वरून मिळणारी साथ.