वकिलांची खोली आणि राजकारण

धंद्याच्या मंडळींत राजकारण काढूं नये, असें म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. वैद्यांनीं एकत्र जमून रोगांविषयीं बोलावें, शिक्षकांनीं शिक्षणाविषयीं, वकिलांनीं कायद्याविषयीं. राज्य कोणाचें असावें हा वाद ज्यानें त्यानें आपल्या घरीं करावा, हें त्या म्हणण्याचें तात्पर्य. यांत शहाणपण नाहीं असें कोणीहि म्हणणार नाहीं. एका कामानें बांधलेलीं माणसें पक्षभेदानें फुटलीं म्हणजे कामहि बिघडतें आणि स्नेहहि आटतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. परंतु हा नियम सर्व काळीं सारखाच हितकर असतो काय, हें केवळ तर्कानें ठरत नाहीं. त्यासाठीं इतिहासाकडे वळावें लागतें. आणि आम्हां मराठवाड्यांतील लोकांना त्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. नांदेड आणि लातूर या दोन गांवांच्या परिसरांत हा पाठ मोठ्या किंमतीनें शिकावा लागला आहे.

निजामाच्या राज्यांत जाहीर सभा भरविण्यास सरकारची परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमाचें नांव जुन्या पिढीच्या तोंडीं होतें. ‘राजकारण’ हा शब्दच जेथें संशयास पात्र, तेथें लोकांनीं ग्रंथालय, शाळा, समाजसुधारणा अशा आडवाटांनीं एकत्र यावें हें स्वाभाविक होतें. १९३७ सालीं परतूर येथें महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें व १९३८ सालीं दुसरें लातूर येथें भरलें. आंध्र आणि कर्नाटक भागांतील लोकांच्याहि अशाच परिषदा होत्या. भाषा, शिक्षण, समाज हे विषय बोलावयाचे आणि राज्यकारभाराचा विषय ओठांवर आला कीं गिळावयाचा, अशी ही रीत. परंतु शाळा मातृभाषेची असावी असें म्हटलें तरी तें राज्याच्या धोरणावरच बोलणें होतें. त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत स्टेट काँग्रेसवर, ती रीतसर स्थापन होण्यापूर्वींच, बंदी आली. ऑक्टोबरांत सत्याग्रह सुरू झाला. अंबाजोगाईच्या शाळेंत शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ शिक्षकाचें आसन सोडून त्यांत उतरले. धंदा कोठें संपतो व राजकारण कोठें सुरू होतें याची रेघ त्यांनीं स्वतःपुरती स्पष्ट ओढली. पण ज्यांनीं धंदा सोडला नाहीं, त्यांनीं काय करावयाचें?

आपण होऊन पाळलेला संयम आणि हुकुमानें लादलेलें मौन या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. पहिलींत परस्परांविषयींचा आदर असतो. दुसरींत केवळ भीति असते. ज्या सत्तेस आपला कारभार चर्चेंत यावयास नको असतो, ती ‘धंद्यांत राजकारण नको’ हें सूत्र मोठ्या आवडीनें उचलते. याचा एक मौजेचा दाखला हैदराबादच्या घटनासुधारणांत सांपडतो. अरवमुदु अय्यंगार यांच्या समितीच्या अहवालावरून १९३९ सालीं ज्या सुधारणा जाहीर झाल्या, त्यांत प्रतिनिधि निवडावयाचे ते गांव किंवा तालुका पाहून नव्हे, तर शेतकरी, व्यापारी, कामगार, वकील, वैद्य अशा हितसंबंधांच्या गटांतून. वकिलांनीं वकील म्हणून राजकारण बोलूं नये. मत मात्र वकील म्हणूनच द्यावें! धंदा आणि राजकारण यांची गांठ अशी सरकारनेंच मारली होती.

आतां वकिलांकडे वळूं. त्या राज्यांत न्यायालयांची भाषा उर्दू होती. घरीं मराठी बोलणारा नांदेडचा वकील फिर्याद आणि जबाब उर्दूंत लिही. १९२१ च्या सुमारास न्यायखातें मुलकी खात्यापासून वेगळें केल्याबद्दल या राज्याची वाखाणणी होत असे, आणि ती अगदींच अस्थानीं नव्हती. न्यायालय ही वकिलांस अभिमान वाटावा अशी संस्था होती. म्हणूनच पुढें जें घडलें तें त्यांना अधिक झोंबलें असलें पाहिजे.

लातूर त्या वेळीं उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. तेथें वकिली करणारे कासिम रझवी हे १९४६ च्या अखेरीस इत्तेहादुल मुसलमीनचे अध्यक्ष झाले आणि रझाकारांची सेना त्यांच्या शब्दावर चालूं लागली. दुसरीकडे नांदेड जिल्ह्यांतील भोकरचे दिगंबरराव बिंदू, तेहि वकीलच, स्टेट काँग्रेसच्या अग्रभागीं होते. वकिलांच्या खोलींत राजकारण येऊं द्यावें कीं नाहीं, हा प्रश्न अशा रीतीनें विचारण्यापूर्वींच निकालांत निघाला होता. तें आंत येऊन बसलें होतें. १९४६ सालीं बिलोली तालुक्यांत अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. पुढील दोन वर्षांत लूट, जाळपोळ आणि स्थलांतर यांनीं सीमेवरचीं गांवें ओस पडूं लागलीं. अशा वेळीं दिवाणी दाव्याची तारीख घेऊन शांतपणें उभें राहणें यास तटस्थता म्हणावें काय?

अनेक वकिलांनीं त्याचें उत्तर कृतीनें दिलें. हैदराबादेंत विनायकराव विद्यालंकार यांच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं अत्याचारांचा निषेध म्हणून न्यायालयांवर बहिष्कार घातला. यावर आक्षेप घेतां येतो, व तो हलका नाहीं. वकील बाहेर राहिला तर कोठडींतील आरोपीची बाजू कोण मांडणार? कुळाची जमीन कोण वांचविणार? पुढाऱ्यांच्या निषेधाचा भार अखेरीस पक्षकारावरच पडतो. तरीहि आमच्या मतें तो बहिष्कार योग्य होता. कारण वकिलांचा तक्रारविषय कोणत्या पक्षानें राज्य करावें हा नसून, कायदाच उरला आहे कीं नाहीं हा होता. सुतारानें करवत मोडल्याबद्दल बोलावें, तितकाच त्यांचा तो अधिकार. वृत्तपत्राच्या धंद्यांतहि हीच वेळ आली. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाखान यांनीं भारतांत सामील होण्याचा पक्ष घेतला, आणि ऑगस्ट १९४८ मध्यें त्यांची हत्या झाली. संपादकानें मत लिहिणें हा त्याचा धंदाच. त्यांतून राजकारण वेगळें काढावयाचें कोठून?

परंतु ही कसोटी एकाच बाजूस लावून चालणार नाहीं. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पांच दिवसांत पोलीस कारवाई संपली, आणि त्यानंतर मुसलमान रयतेवर भीषण प्रसंग ओढवला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें २७ ते ४० हजार माणसें मारलीं गेल्याचा अंदाज दिला; सर्वांत अधिक हानि झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांचीं नांवें आहेत. तो अहवाल कित्येक दशकें अप्रसिद्ध राहिला. रझाकारांच्या काळीं ‘कायदा कोठें आहे?’ असें विचारणें जर वकिलांचें कर्तव्य होतें, तर या वेळींहि तें तितकेंच कर्तव्य होतें. आपला पक्ष जिंकल्यावर जो आवाज बसतो, तो धंद्याच्या निष्ठेचा नव्हता, पक्षाचाच होता, असें म्हणावें लागेल. हा प्रश्न मराठवाड्यानें स्वतःस अजून पुरेसा विचारलेला नाहीं, असें आम्हांस वाटतें.

या कथेचा शेवट बोधप्रद आहे. रझवींवर खटला झाला, शिक्षा झाली, आणि त्यांचें अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. खटल्याची विशेष पद्धति समतेच्या तत्त्वास धरून होती कीं नाहीं, याचा तेथें कसून खल झाला व १९५३ सालीं बहुमताचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला; बहुमताचा, एकमताचा नव्हे. १९५७ सालीं सुटून ते पाकिस्तानांत गेले. ज्यांच्या सेनेनें कायदा मोडीत काढला, त्यांच्यासाठींहि कायद्याचा शब्द न् शब्द तपासला गेला. येथें आमच्या मूळ नियमाचें खरें स्थान दिसतें. अशिलाची बाजू मांडतांना, रोग्याची नाडी पाहतांना, मुलास शिकवितांना समोरच्याचें राजकारण विचारूं नये. तेथें तो नियम अक्षरशः पाळावा. पण ज्या आधारावर तो धंदा उभा आहे तोच कोणी उखडूं लागला, तर त्या धंद्याच्या मंडळींनीं एकत्र बसून बोललेंच पाहिजे, मग उखडणारा परका असो वा आपला. त्या बोलण्यास कोणी राजकारण म्हणो. आम्ही त्यास धंद्याची अब्रू म्हणतों.