हुकूम मोडण्याचा गुन्हा

२०२० च्या मार्चमध्ये आमच्या इमारतीच्या फाटकावर एक सरकारी आदेश चिकटवला होता. विनाकारण बाहेर पडू नये, जमाव करू नये, वगैरे. आणि तळाशी ते ठरलेले वाक्य : आदेशाचा भंग करणारा भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ नुसार शिक्षेस पात्र राहील. ते वाचताना मला चंपारण आठवले.

हे कलम १८६० सालचे. सरकारी अधिकाऱ्याने कायद्याच्या अधिकारात दिलेला हुकूम माहीत असून मोडला आणि त्यातून कुणाला अडथळा, त्रास वा इजा झाली, किंवा होण्याचा संभव असला, तर महिनाभरापर्यंत साधी कैद, दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जीविताला धोका असला किंवा दंग्याची भीती असली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि त्यानेही शिक्षेसाठी याच कलमाकडे बोट दाखवले.

चंपारण हा बिहारमधला निळीचा मुलूख. तिथे कुळांना वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत मळेवाल्यांसाठी नीळ पिकवावी लागे. त्यांची गाऱ्हाणी ऐकायला १९१७ च्या एप्रिलमध्ये गांधीजी मोतीहारीला पोचले. १६ तारखेला ते हत्तीवरून एका खेड्याकडे निघाले असता वाटेत त्यांना परत बोलावण्यात आले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम हाती पडला : पहिल्या गाडीने जिल्हा सोडा. त्यांनी लेखी कळवले, मी जाणार नाही.

१८ तारखेला खटला उभा राहिला. न्यायालयाबाहेर हजारो शेतकरी लोटले होते आणि गर्दी आवरायला अधिकाऱ्यांना मदत करत होते खुद्द आरोपी! सरकारी वकील तहकुबी मागत होते. गांधीजींनी मात्र गुन्हा सरळ कबूल केला. सत्तेचा अनादर म्हणून नव्हे, तर सदसद्विवेकाला स्मरून हुकूम मोडला, शिक्षा द्या, असा त्यांचा आशय होता. मॅजिस्ट्रेटनी निकाल लांबवला आणि थोड्याच दिवसांत वरून खटला काढून घेण्याचा हुकूम आला. पुढे चौकशी समिती नेमली गेली आणि १९१८ च्या कायद्याने ती तीन कठ्ठ्यांची सक्ती संपली.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलम आता २२३ झाले आहे, कैद सहा महिन्यांपर्यंत आणि गंभीर प्रकारात वर्षभरापर्यंत गेली आहे. एक जुनी अट मात्र टिकून आहे : हुकूम देणाऱ्या किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालय अशा खटल्याची दखल घेत नाही.

ही अट मला महत्त्वाची वाटते. साथीत हुकूम पाळलाच पाहिजे, कारण शेजाऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो. फाटकावरचा तो कागद मीही पाळला. पण नागरिकाला शिक्षा मागायची, तर आपल्या हुकमाचे उत्तर द्यायला अधिकाऱ्यानेही पुढे यायला हवे.