हवा हवी, पाणी नको

घाटवाटांवर भटकणाऱ्या हौशी मंडळींच्या जीपगाड्या आपण पाहिल्या असतील. त्यांतल्या काही गाड्यांच्या बॉनेटच्या बाजूने एक काळी जाड नळी निघते आणि समोरच्या काचेच्या कडेने थेट टपापर्यंत जाते. एका शाळेत बोलायला गेलो असताना नववीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, या गाडीचं धुराडं पुढे कसं?" ते धुराडे नव्हे, ते गाडीचे नाक आहे, असे सांगितल्यावर वर्गात हशा पिकला. पण पुढचा प्रश्न लगेच आला, "मग नाक एवढं वर कशाला?" या प्रश्नाच्या उत्तरात बराच इतिहास दडलेला आहे.

आधी थोडे गणित करू. एक लिटर क्षमतेचे, चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन घ्या. मिनिटाला ३००० फेरे या वेगाने ते चालत असेल, तर दर दोन फेऱ्यांना ते साधारण एक लिटर हवा ओढते. म्हणजे मिनिटाला १५०० लिटर, सेकंदाला २५ लिटर. एवढ्या जोराने ओढणाऱ्या नळीचे तोंड पाण्यात बुडले, तर हवेऐवजी पाणीच आत जाणार.

आता एका सिलिंडरकडे पाहू. पिस्टन खालून वर येताना २५० घन सेंटिमीटर जागा व्यापतो. दाबाचे गुणोत्तर ९ असेल, तर पिस्टन अगदी वर पोहोचल्यावर त्याच्या डोक्यावर फक्त ३१ घन सेंटिमीटर जागा उरते. आत हवा असेल तर ती निमूटपणे दाबली जाते. पाणी मात्र दाबले जात नाही. पाण्याचे आकारमान जेमतेम एक टक्का कमी करायचे, तर वातावरणाच्या दोनशेपटींहून जास्त दाब लागतो. म्हणजे दोन मोठे चमचे पाणी एका सिलिंडरमध्ये शिरले की पिस्टनला वर जायला जागाच राहत नाही. गाडीचा वेग आणि चाकांचा जोर मात्र त्याला वर ढकलतच असतो. शेवटी पिस्टनला जोडलेला पोलादी दांडा वाकतो किंवा मोडतो.

पाणी अडवणे अवघड नाही, भोक बुजवले की झाले. पण हे भोक इंजिनाचे नाक आहे. ते बुजवले तर इंजिन गुदमरते. हवा सोडायची आणि पाणी अडवायचे, या पेचातून अभियंत्यांनी वेळोवेळी वाट काढली आणि प्रत्येक वाटेची किंमतही मोजली.

पाण्याखालचे नाक

पहिली मोठी वाट पाणबुड्यांनी दाखवली. पाण्याखाली पाणबुडी विजेच्या बॅटऱ्यांवर चालत असे आणि बॅटऱ्या भरण्यासाठी डिझेल इंजिन चालवायचे, तर पृष्ठभागावर यावे लागे. डच नौदलातील अधिकारी यान याकोब विखर्स यांनी १९३० च्या दशकात उभ्या नळीची योजना मांडली. पाणबुडी थोड्या खोलीवरच राहील, नळीचे टोक तेवढे पाण्याबाहेर डोकावेल आणि इंजिनाला हवा मिळेल. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीस सेवेत आलेल्या काही डच पाणबुड्यांवर अशी नळी बसवलेली होती. मे १९४० मध्ये जर्मनीने हॉलंड घेतले, तेव्हा बांधणी सुरू असलेल्या काही पाणबुड्या नळ्यांसकट तिच्या हाती लागल्या. ज्या डच पाणबुड्या निसटून ब्रिटनला पोहोचल्या, त्यांच्यावरच्या नळ्या ब्रिटिशांनी अनावश्यक समजून काढून टाकल्या! जर्मनांनाही तिची फारशी गरज सुरुवातीला वाटली नाही. पुढे रडार लावलेली विमाने पृष्ठभागावरच्या पाणबुड्या शोधून बुडवू लागली, तेव्हा १९४३-४४ मध्ये त्यांनी ती नळी घाईने वापरात आणली. 'श्नॉर्केल' हा शब्द त्या जर्मन नळीच्या नावावरून जगभर पसरला.

लाट आली की नळीत पाणी शिरणार. म्हणून टोकाला तरंगणारी झडप होती. पाणी चढले की ती आपोआप बंद होई. पण इंजिन ओढायचे थांबत नसे. नळी बंद झाली की ते पाणबुडीच्या आतलीच हवा ओढू लागे. आतला दाब झपाट्याने उतरे आणि खलाशांचे कान ठणकत. पाणी अडवण्याची किंमत अशी त्यांच्या कानांनी मोजली.

हीच कल्पना जमिनीवरच्या वाहनांकडेही आली. इंग्लंडवरील नियोजित स्वारीसाठी जर्मनांनी १९४० मध्ये काही रणगाडे समुद्राच्या तळावरून चालतील असे बदलले. हवेसाठी लांब लवचीक नळी आणि तिचे टोक वर धरायला तरंगता गोळा, अशी रचना होती. ती स्वारी झालीच नाही. पण २२ जून १९४१ रोजी सोव्हिएत संघावर हल्ला सुरू झाला, तेव्हा असे रणगाडे बुग नदीच्या तळावरून पलीकडे गेले.

नॉर्मंडीचा किनारा

सर्वांत मोठी परीक्षा ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर झाली. हजारो जीप, ट्रक आणि रणगाडे होड्यांतून उतरून कंबर-छातीएवढ्या खाऱ्या पाण्यातून वाळूवर न्यायचे होते. त्यांतली बहुतेक वाहने रस्त्यासाठी बनवलेली होती. त्यामुळे इंग्लंडमध्ये महिनोन्‌महिने एकच उद्योग चालला होता : वाहने जलरोधक करण्याचा.

हवेची आणि धुराची नळी उंच करणे हा त्यातला दिसणारा भाग. शेर्मन रणगाड्यांच्या पाठीवर पत्र्याचे दोन उंच डबे बसवले, एकातून हवा आत येई आणि दुसऱ्यातून धूर बाहेर जाई. न दिसणारे काम जास्त किचकट होते. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या तारा आणि जोड ओले झाले की इंजिन बंद पडते. म्हणून प्रत्येक जोडावर ग्रीस, चुना आणि ऍस्बेस्टॉसचे तंतू यांचा कणकेसारखा लगदा हाताने थापला जाई. ऍस्बेस्टॉस फुप्फुसांना किती घातक आहे हे आज आपण जाणतो. तेव्हाचे कारागीर तो उघड्या हातांनी मळत होते.

ब्रिटिशांनी हे काम टप्प्याटप्प्यांनी केले. काही कार्यशाळेत, काही बंदराजवळच्या तळावर आणि शेवटचे लेपन वाहन जहाजात चढल्यावर. असे का? कारण पूर्ण बंद केलेले इंजिन फार तापते. म्हणून जलरोधक वाहनाने किती अंतर जायचे यावर कडक मर्यादा होती, आणि किनाऱ्यावर पोहोचताच चालकाचे पहिले काम म्हणजे लगदा खरवडून काढणे. एवढे करूनही वाहने बुडालीच. ती ओढून वाट मोकळी करण्यासाठी खास बदललेले, खोल पाण्यात चालणारे शेर्मन रणगाडे किनाऱ्यावर ठेवले होते.

त्याच दिवसाची एक गोष्ट विसरू नये. काही रणगाड्यांना कॅनव्हासचा उंच पडदा लावून तरंगते केले होते. ओमाहा किनाऱ्यासमोर एका अमेरिकन तुकडीने असे २९ रणगाडे खवळलेल्या समुद्रात सोडले. त्यांतले २७ बुडाले. पडद्याची उंची शांत पाण्याच्या हिशेबाने पुरेशी होती, त्या दिवशीच्या लाटांच्या हिशेबाने नव्हती.

हिवाळ्यातले न दिसणारे पाणी

आतापर्यंत आपण डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्याबद्दल बोललो. थंड देशांत इंजिनाला दुसरेच पाणी सतावते. ते हवेतच असते.

जुन्या इंजिनांत कार्ब्युरेटर असे. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथे पेट्रोलचे बारीक थेंब मिसळतात आणि त्यांची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता कुठून येते? त्याच हवेतून. एक किलोग्रॅम पेट्रोलची वाफ व्हायला सुमारे ३५० किलोज्यूल उष्णता लागते आणि त्याच्यासोबत सुमारे १५ किलोग्रॅम हवा असते. सगळे पेट्रोल तिथेच उडाले, तर हवेचे तापमान साधारण २३ अंशांनी उतरेल. बाहेर १० अंश सेल्सिअस असेल तर गळ्यात शून्याच्या कितीतरी खाली! हवेतले बाष्प तिथे बर्फ होऊन चिकटते, गळा आवळत जातो आणि इंजिन बंद पडते. गाडी बाजूला घेऊन पाच-दहा मिनिटे थांबले की इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळतो आणि गाडी निमूट सुरू होते. मेकॅनिकला दोष काही सापडत नाही.

येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा. हा त्रास कधी जास्त होईल, उणे १५ अंशांच्या कडाक्यात की १० अंशांच्या धुकट सकाळी? बहुतेक जण कडाक्याचे नाव घेतील. पण १० अंशांच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे ९ ग्रॅम बाष्प असते, उणे १५ अंशांना दीड ग्रॅमही नसते. म्हणून ब्रिटनसारखा ओलसर, मध्यम हिवाळाच अधिक त्रासाचा.

उपाय सोपा होता. धुराच्या तापलेल्या नळीजवळची गरम हवा कार्ब्युरेटरला द्यायची. फोक्सवॅगनच्या प्रसिद्ध 'बीटल' मोटारीत तर इंजिनाचा गरम धूरच हवेच्या नळीलगत फिरवून ती तापवत. किंमत येथेही होतीच. ४० अंशांची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के विरळ असते, म्हणजे तेवढी शक्ती घटते. गाडीत फेरफार करणारे हौशी लोक नेमके हेच पाहून गरम हवेची नळी काढून टाकत. उन्हाळ्यात गाडी झक्क पळे, आणि पहिल्या धुकट सकाळी रस्त्यात थांबे. पुढे इंधन थेट झडपेजवळ फवारणारी यंत्रणा आली आणि मोटारींतून हा त्रास जवळजवळ गेला. कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या छोट्या विमानांत मात्र गरम हवेचा खटका अजूनही असतो.

भुसभुशीत हिमाची तऱ्हा आणखी निराळी. फेब्रुवारी १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये विजेच्या आगगाड्या ठप्प झाल्या. मोटरी थंड ठेवण्यासाठी आत घेतलेल्या हवेबरोबर पिठासारखे हिमकण शिरले, वितळले आणि विद्युतमंडले बिघडली. 'चुकीच्या प्रकारचा बर्फ' अशी थट्टा वृत्तपत्रांनी केली, पण कारण खरेच होते. डिसेंबर २००९ मध्ये इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात पाच युरोस्टार गाड्या अडकल्या, तेव्हाही जाळ्यांतून शिरलेले बारीक हिम बोगद्याच्या उबेत वितळले होते. दोन हजारांहून अधिक प्रवासी रात्रभर खोळंबले.

आपल्या रस्त्यावर

आपल्याकडे हिमाचा प्रश्न नाही, पावसाचा आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. असंख्य मोटारी पाण्यात बंद पडल्या आणि बंद गाडीत अडकून काही जणांचा गुदमरून मृत्यू झाला. म्हणून दोन गोष्टी मुलांपर्यंत, आणि त्यांच्या पालकांपर्यंत, पोहोचाव्यात.

पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करू नये. आत पाणी असेल तर तो दांडा आता वाकेल. आणि इंजिनापेक्षा माणूस महत्त्वाचा. पाणी चढू लागले की दारे उघडत आहेत तोवर बाहेर पडावे.

दुसरी गोष्ट आर्किमिडीजची. नऊशे किलोग्रॅमच्या मोटारीचा तळ चार चौरस मीटर धरा. तळाच्या वर २३ सेंटिमीटर पाणी चढले, आणि ते आत शिरले नाही, तर गाडी तरंगू लागते. चाकांची पकड सुटते आणि वाहते पाणी तिला हवे तिकडे नेते. टपापर्यंत नेलेले नाक येथे काही उपयोगाचे नाही. ते इंजिनाला वाचवते, गाडीला नाही.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग : सुई काढलेली दहा मिलिलिटरची सिरिंज घ्या. आधी हवा भरून, मग बुडबुडा न ठेवता पाणी भरून, टोक बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा. दोन्ही वेळा दट्ट्या किती सरकला ते मुलांना मोजू द्या. नंतर त्या काळ्या नळीचा प्रश्न त्यांनाच विचारा.