एन्सिसहाइमची अशनी आणि एक चुकलेली परीक्षा

७ नोव्हेंबर १४९२. आल्सास प्रांतातील एन्सिसहाइम हे नगर आज फ्रान्समध्ये असले, तरी त्या काळी हाब्सबुर्ग घराण्याच्या सत्तेखाली होते. मध्यान्हाच्या सुमारास आकाशात प्रचंड गडगडाट झाला आणि गव्हाच्या शेतात सुमारे १२७ किलोंचा पाषाण येऊन रुतला. लोक लगोलग तुकडे फोडून नेऊ लागले. काही दिवसांनी आलेल्या राजा माक्सिमिलियनने हा शुभशकुन मानला, स्वतःसाठी तुकडे काढून घेतले (राजाच तो!) आणि उरलेला पाषाण चर्चमध्ये ठेवण्याची आज्ञा दिली.

तीन शतके तो तेथेच होता. फ्रेंच राज्यक्रांतीत त्याला कोल्मार येथे हलवण्यात आले. तेथील रसायनशास्त्राचे अध्यापक बार्टोल्ड यांनी १८०० साली त्याचे पृथक्करण केले. लोह, गंधक, सिलिका, मॅग्नेशिया असे पदार्थ आढळले आणि निर्णय झाला : हा भूमीवरचाच खडक, आकाशातून पडल्याची कथा अज्ञानातून उपजलेली.

बार्टोल्ड यांना हसण्याची घाई करू नये. त्यांना सापडलेले सारे पदार्थ पृथ्वीवरील खडकांतही असतात. कोणत्या खुणेवरून भेद करायचा, हेच तेव्हा ठाऊक नव्हते.

ती खूण मिळण्यात काशीचा वाटा आहे. १९ डिसेंबर १७९८ रोजी काशीजवळ दगडांचा वर्षाव झाला. त्यांचे नमुने लंडनला पोहोचले. एडवर्ड हॉवर्ड यांनी खनिजतज्ज्ञ बूर्नाँ यांच्या साहाय्याने या दगडांची तुलना इंग्लंड, इटली व बोहेमियातील तशाच दगडांशी केली. त्यांनी गोलसर कण, धातूचे कण आणि मातकट भाग वेगवेगळे करून तपासले. साऱ्यांच्या धातुकणांत निकेल निघाले! १८०२ साली हे प्रसिद्ध झाल्यावर पॅरिसच्या रसायनशास्त्रज्ञांना एन्सिसहाइमच्या पाषाणातही निकेल आढळले.

आज त्याचे वर्गीकरण ‘एलएल-६ काँड्राइट’ असे आहे. ‘एलएल’ म्हणजे एकूण लोह कमी आणि धातुरूप लोह त्याहून कमी. बार्टोल्ड यांच्या हाती निकेलवाहक धातू मुळातच थोडा होता. ‘६’ म्हणजे मूळ लघुग्रहातील उष्णतेने गोलसर कणांच्या कडा पुसट झालेल्या.

मात्र १४९२ हे साल वर्गीकरणातून कळत नाही. त्यासाठी सेबास्टियन ब्रांट या कवीचे त्याच वर्षी छापलेले सचित्र पत्रक आणि समकालीन नोंदी पाहाव्या लागतात. पाषाण आता एन्सिसहाइमच्या संग्रहालयात आहे. निम्म्याहून अधिक भाग मात्र तुकड्यातुकड्यांनी केव्हाच बाहेर गेला.