पूर्वपक्ष

ग्वाल्हेरच्या दक्षिणेस आंतरी नावाचे गाव आहे. तेथे अकबराचा सचिव व इतिहासकार अबुल फजल याची कबर आहे. शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून वीरसिंहदेव बुंदेल्याने १६०२ साली त्याला ठार केले. जयेंद्रगंजातील माझ्या विद्यार्थ्यांना तेथे नेले, की मी त्यांना एका वादाची हकीकत सांगतो.

अकबराने १५७५ साली फत्तेपूर सिक्रीस इबादतखाना बांधला. आरंभी तेथे मुसलमान पंडितच चर्चा करीत. पुढे ब्राह्मण, जैन, पारशी व ख्रिस्ती यांनाही प्रवेश मिळाला. १५८० साली गोव्याहून रुदोल्फ आक्वाविवा, मोन्सेरात आदी पाद्री ग्वाल्हेरवरून तेथे पोहोचले.

एकदा वाद विकोपाला जाऊन अग्निदिव्याची गोष्ट निघाली. आपापला धर्मग्रंथ घेऊन आगीत शिरावे. जो वाचेल तो खरा! पुढे काय झाले? अबुल फजल लिहितो, ही कसोटी रुदोल्फ यांनीच सुचविली आणि मौलवी मागे सरले. बदायुनी म्हणतो, आव्हान शेख कुत्बाने दिले आणि पाद्री कचरले. मोन्सेरात सांगतो, रुदोल्फ यांनी नकार दिला; कारण देवाची परीक्षा पाहणे हे पाप होय.

मी स्वतः ख्रिस्ती असल्याने माझे मन मोन्सेरातकडे झुकते. परंतु त्यामुळेच मला सावध राहिले पाहिजे. तिघेही विद्वान आणि त्याच काळातले. तरी तिघांच्या हकीकती जुळत नाहीत. प्रत्येकाने प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्या सोयीने टिपले असावे, अशी शंका येते.

आपल्या शास्त्रकारांनी या दोषावर उपाय योजिला होता. आधी पूर्वपक्ष मांडावयाचा, तोही त्याच्या पूर्ण बळानिशी, मगच खंडन. गेल्या वर्षी घरात मराठी बोलावी की हिंदी, या प्रश्नावरून माझ्या वर्गातील दोन जिवलग मित्रांनी अबोला धरला. मी दोघांना एकच काम दिले: दुसऱ्याचे म्हणणे असे सांगा, की त्याने ‘होय, मला हेच म्हणावयाचे होते’ असे म्हटले पाहिजे. पहिल्या दिवशी कोणालाच ते साधले नाही. तिसऱ्या दिवशी साधले. मते दोघांचीही बदलली नाहीत. पण मधल्या सुटीत डबा मात्र पुन्हा एकत्र उघडला.